रोजच्या वापरात लोंजी आणि सारुंग : पुरुषांचं वस्त्र, यांगूनपासून जकार्तापर्यंत

इरावतीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कामानिमित्त मी आधी चार वर्षं यांगूनला होतो, आता तीन वर्षं जकार्तात आहे. या सात वर्षांत कपाटातल्या पँटी चारवर आल्या आणि लोंज्या-सारुंगा मिळून अकरा झाल्या. मागच्या महिन्यात पुण्याला आलो होतो. सकाळी दूध आणायला लोंजी नेसूनच खाली उतरलो, तर सोसायटीतल्या एका काकांनी काळजीने विचारलं, "पायाला काही झालंय का रे? ऑपरेशन वगैरे?" त्यांनी मनापासून विचारलं होतं. धडधाकट पुरुष पँट न घालता रस्त्यावर आला म्हणजे काहीतरी दुखणं असणार, हेच त्यांना पहिलं सुचलं. तेव्हापासून लिहायचं मनात होतं.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी वस्तू काय ते आधी. साधारण दोन मीटर लांबीचं कापड घ्यायचं आणि त्याची दोन टोकं एकमेकांना शिवून टाकायची. झाली नळी. नाडी, बटण, हूक काही नाही. आत उभं राहायचं, वर ओढायचं आणि जास्तीचा घेर कमरेशी आवळायचा. ब्रह्मदेशात हिला लोंजी म्हणतात. पुरुषाची ती पसो, बाईची ती थमेइन. पुरुष बेंबीशी गाठ घेतात. बाया एका कुशीला घडी खोचतात आणि त्यांच्या लोंजीला कमरेच्या कडेला काळ्या सुती कापडाची पट्टी जोडलेली असते. मलेशिया-इंडोनेशियात तीच सारुंग. सारुंग या शब्दाचा मूळ अर्थ खोळ किंवा म्यान. उशीचा अभ्रा म्हणजे सारुंग बांताल, हातमोजा म्हणजे सारुंग तांगान, आणि माणसाची खोळ ती नुसती सारुंग. हा अर्थ कळला त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

मी यांगूनला पोचलो तो एप्रिलात. तिकडचा एप्रिल म्हणजे आपला मे, आणि वर दमट. मी टेरिकॉटच्या पँटीत, घामाने पोटऱ्यांना चिकटलेल्या, आणि समोर आमचे हिशेबनीस, साइटवरचे इंजिनीअर, बँकेतून आलेले साहेब, सगळे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गडद रंगाची लोंजी. पायात मखमली पट्ट्याच्या चपला. बांबूच्या परांचीवर चढणारे मजूरही लोंजीत. त्यांची लोंजी मात्र दोन पायांतून मागे घेऊन खोचलेली, आपण काचा मारतो तशी.

नेसायला मला ऑफिसच्या ड्रायव्हरांनी शिकवलं. साठीचे गृहस्थ, त्यांना सगळे 'ऊले' म्हणत, म्हणजे काका. त्यांची एकच सूचना होती : पोटाला लाजू नकोस, श्वास सोडून बांध. पोट आत ओढून बांधलं की जेवणानंतर गाठ सुटते. पहिले पंधरा दिवस मी आतून पट्टा लावत होतो. ते त्यांना दिसलं, तेव्हा त्यांनी काही न बोलता हात पुढे केला आणि मी पट्टा काढून दिला. नंतर कधी लागला नाही.

आता मला जे सांगायचंय ते. लोंजी तिकडे टिकली ती सणावारामुळे टिकली असं मला वाटत नाही. सणावारी तर आपणही सोवळं नेसतो, फेटा बांधतो. तिकडे सरकारी शाळेत मुलांचा गणवेश पांढरा शर्ट आणि हिरवी लोंजी. म्हणजे गाठ मारायला पोरगं शाळेत जायच्या वयात शिकतं. पुढे सरकारी नोकरी लागली तरी लोंजीच. जे वस्त्र नेसून पगार घेता येतो, फाइलवर सही करता येते, वर्गात शिकवता येतं, ते कुणी जपावं लागत नाही. जकार्तात उलट आहे. तिथे सारुंग घराघरात आहे, पण शुक्रवारच्या नमाजाला, रात्रीच्या गस्तीला, झोपायला. मी इथे एका मोठ्या इमारतीत बैठकीला बाटिकचा शर्ट आणि चांगली विणलेली सारुंग नेसून गेलो, तर रखवालदाराने अदबीने अडवलं. नियम आहे म्हणाला. त्याच रखवालदाराला संध्याकाळी पाळी संपल्यावर मी सारुंगेत चहा पिताना पाहिलंय.

तुमच्यापैकी कुणी तिकडे राहिलंय का? कुणी नेसतं का? आणि आपल्याकडे पुरुषाच्या अंगावरचं नेसूचं वस्त्र घराच्या उंबरठ्याच्या आत का राहिलं, यावर काय वाटतं?

बोरीबंदर

फोटो टाका हो. वाचायला मजा आली, पण मला प्रामाणिक शंका आहेत. खिसा नाही. पाकीट, मोबाइल, लोकलचा पास कुठे ठेवायचा? दुचाकीवर काय करायचं? आणि वाऱ्याचं काय? विरारची आठ बावीस पकडताना गाठ सुटली तर ती आवरायला हात कुठून आणायचा? मला मुळात गाठीवर विश्वासच बसत नाही.

इरावतीकाठ

@बोरीबंदर, शंका रास्त आहेत, एकेक घेतो.

खिसा : कनवट हा शब्द आपल्याकडे आहे ना? आजी कनवटीला पैसे लावायची. तिकडे पुरुष मोबाइल आणि पाकीट मागच्या बाजूला, कमरेच्या घडीत खोचतात. यांगूनच्या बसमध्ये पाठमोऱ्या उभ्या माणसांच्या कमरेला असे फोन ओळीने दिसतात. मी शर्टाच्या खिशावर आणि खांद्याच्या पिशवीवर भागवतो. शान पिशवी म्हणून एक विणलेली झोळी मिळते, ती जवळजवळ प्रत्येकाकडे असते.

दुचाकी : घेर गुडघ्याच्या वर ओढून मांड्यांखाली दाबून बसायचं. खरंच काही होत नाही.

गाठ : ती सुटते. दिवसात पाच-सहा वेळा सैल होते, आणि रस्त्यात उभं राहून पुन्हा बांधायला तिकडे कुणाला संकोच वाटत नाही. दोन्ही हातांनी घेर बाजूंना ओढायचा, क्षणभर कापड पंखांसारखं पसरतं, मग दोन्ही बाजू पुढे आणून एकमेकींत पीळ देऊन टोक आत खोचायचं. तीन सेकंद. चालता चालता बोलणं न थांबवता माणसं हे करतात. मला तिकडचं सगळ्यात आवडलेलं दृश्य तेच. आपण शर्टाची कॉलर नीट करतो तितकं ते सहज आहे.

लोकलबद्दल मात्र तुमचं बरोबर. आठ बावीसला मीही पँट घालेन.

रत्नांग्रीकर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आम्ही रत्नागिरीचे. लहानपणापासून थिबा पॅलेस बघत आलो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये हा राजवाडा बांधून दिला आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याची समाधीही इथेच आहे. आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात. त्यांचा राजा आमच्या गावात आणि आमचा माणूस त्यांच्या राजधानीत, एकाच वेळी. शाळेत गुरुजी हे सांगायचे तेव्हा वर्ग एकदम शांत व्हायचा.

दुसरं. आमच्या खाडीकाठच्या गावातले बरेच जण बोटीवर असायचे. ते सिंगापूरहून येताना चौकड्याच्या शिवलेल्या लुंग्या आणायचे. माझ्या आजोबांकडे एक होती, निळी आणि चॉकलेटी. ती विटून तिचे रंग ओळखू येईनात तरी ते दुसरी लावत नव्हते. आम्ही तिला 'शिंगापुरी' म्हणायचो. ती सारुंग होती हे आज कळलं.

थिबाच्या काळातली लोंजी आजच्यासारखीच होती का?

इरावतीकाठ

@रत्नांग्रीकर, आजोबांच्या शिंगापुरीबद्दल वाचून फार बरं वाटलं. ती जपून ठेवली असेल तर फोटो नक्की टाका.

राजाच्या काळातली वेगळी होती. तेव्हाचा पुरुषांचा मानाचा पोशाख म्हणजे तौंगशे पसो, न शिवलेलं आणि तीस फुटांपर्यंत लांब. म्हणजे आपल्या नऊवारी लुगड्याएवढं. ते कमरेला गुंडाळून उरलेला भाग खांद्यावर टाकायचे किंवा पुढे झुलता सोडायचे. आजची आखूड, शिवलेली लोंजी इंग्रजी अमदानीत सर्वत्र पसरली. म्हणजे जी आज अस्सल ब्रह्मी समजली जाते तिचं हे रूप फार जुनं नाही. यात मला काही कमीपणा वाटत नाही. लोकांनी आपल्या सोयीने वस्त्र बदललं आणि तरी ते त्यांचंच राहिलं.

आणखी एक, आपल्या खादीची आठवण करून देणारं. १९३० च्या दशकात स्वतःला 'थकिन', म्हणजे धनी, म्हणवणाऱ्या तरुणांची दोबामा चळवळ उभी राहिली. मालक तुम्ही नाही, आम्ही, असा त्या शब्दात अर्थ. 'पिन्नी' या हातविणीच्या तपकिरी सुती कापडाचं आखूड जाकीट आणि यॉ भागातली लोंजी हा राष्ट्रवादी पोशाख झाला. त्या पोशाखात दिसलं म्हणून इंग्रज पोलिसांनी माणसं पकडलीसुद्धा.

सूतगुंडी

कापडाच्या धंद्यात तीस वर्षं काढलीत, म्हणून थोडं विणकामाच्या बाजूने.

मलेशियात घरी नेसायच्या चौकड्याच्या सुती सारुंगेला 'काइन पेलिकात' म्हणतात, इंडोनेशियात 'पालेकात'. हे नाव आपल्याकडून गेलंय. चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत आहे, तमिळमध्ये पळवेर्काडु. डच लोकांनी तिथे १६१३ मध्ये किल्ला बांधला, तो कापडाच्या व्यापारासाठी. इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरच्या लवंग-जायफळाच्या बदल्यात त्यांना तिथे कोरोमंडल किनाऱ्याचं कापड द्यावं लागे, कारण तिथल्या लोकांना हेच हवं असायचं. पुलिकतच्या चौकड्या तिकडे इतक्या रुजल्या की गावाचं नाव कापडाला चिकटलं. आज आपल्यातल्या किती जणांना पुलिकत माहीत आहे? पक्षी बघायला जाणाऱ्यांना असेल. क्वालालंपूरच्या कुठल्याही घरात मात्र ते नाव रोज उच्चारलं जातं. तमिळनाडूत गुडियात्तम, कुरिंजिपाडी ही गावं अजून लुंगीसाठी ओळखली जातात.

सारुंग घेताना एक बघा. चांगल्या सारुंगेत सगळीकडे एकच नक्षी नसते. एक उभा पट्टा वेगळा विणलेला असतो. त्याला 'कपाला' म्हणतात, म्हणजे डोकं, आणि बाकीचं अंग ते 'बादान'. शिवताना चौकडीला चौकडी जुळली आहे का ते पाहायचं. शिवण कुठे आहे हे शोधावं लागलं तर शिवणारा कसलेला. रेघा तुटल्या असतील तर तो माल ठेवून द्यावा.

रेशमी घ्यायची असेल तर दक्षिण सुलावेसीतलं सेंगकांग हे बुगी विणकरांचं गाव. बोर्निओतल्या सामारिंडाची सारुंग प्रसिद्ध आहे तीही मूळ तिकडून स्थलांतर केलेल्या बुगी लोकांनीच सुरू केलेली. @इरावतीकाठ, तुम्ही रोज कुठली वापरता?

इरावतीकाठ

@सूतगुंडी काका, पुलिकतचं माहीत नव्हतं! तीन वर्षं 'पालेकात' म्हणतोय आणि ते आपल्याच किनाऱ्याचं नाव निघालं.

रोजच्यासाठी माझी आवडती 'गोयोर'. मध्य जावात पेमालांगच्या बाजूला हातमागावर विणतात, रेयॉनचं सूत, अगदी मऊ आणि जड पडणारी. धुतली की आणखी मऊ होते. हातमागाला इकडे 'आ-ते-बे-एम' म्हणतात, म्हणजे 'यंत्र नसलेलं विणायचं साधन' या शब्दांची आद्याक्षरं. एवढ्या जुन्या गोष्टीला यंत्र आल्यावर 'यंत्र नसलेलं' असं नाव मिळालं, याचं मला वाईट वाटतं. यांगूनची कचिन चौकडीची, गडद हिरवी आणि जांभळी, ऑफिससाठी. आणि लग्नाकार्यासाठी एकच अचेइ आहे, अमरपूरची. लाटांसारखी नक्षी, एका कापडात शंभर धोटे चालतात अशी तिची ख्याती आहे, आणि 'लुनतया अचेइ' या पूर्ण नावातही ते 'शंभर धोटे' आहेत. माझी साध्या विणीची आहे, खऱ्या शंभर धोट्यांच्या किमतीत मला हात घालता आला नाही.

पाचवी गल्ली

सगळं छान आहे, पण मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून मी देतो. मुंबईत मराठी पुरुषाच्या मनातून लुंगी उतरली त्याला राजकारणही कारण आहे. साठच्या दशकात दाक्षिणात्यांविरुद्ध 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' ही घोषणा गिरणगावात, गिरगावात भिंतींवर होती. माझे वडील तेव्हा विशीत होते. त्यांच्या घरात लुंगी लावायचे सगळे, पण त्या घोषणेनंतर खाली गॅलरीत जाताना पायजमा चढवायला लागले. कुणी तसं सांगितलं नव्हतं. वस्त्र कुणाचं, यावरून माणूस कुणाचा हे ठरायला लागलं की पहिलं वस्त्र उतरतं. ते आम्ही चाळीत पाहिलं. मला त्याची आजही खंत आहे.

आणि दुसरं, परक्यांच्या सारुंगेचं कौतुक करण्याआधी आपलं धोतर का नको?

इरावतीकाठ

@पाचवी गल्ली, तुमच्या वडिलांची गोष्ट वाचून थांबलो थोडा वेळ. हे कारण माझ्या लक्षात आलं नव्हतं.

धोतराबद्दल तुमच्याशी भांडण नाहीच. माझे आजोबा शेवटपर्यंत धोतरच नेसले, मला ते नीट नेसता येत नाही ही माझी उणीव आहे. पण धोतराला निऱ्या, काष्टा, सोगा, आणि शिकवणारं माणूस लागतं. सारुंग चार मिनिटांत शिकता येते. इथे एकच सारुंग बाप, मुलगा आणि पाहुणा तिघे वापरतात, जाडजूड असोत की सडपातळ. माप नावाची गोष्टच नाही. रात्री तीच पांघरायची. गस्तीवर खांद्याला लपेटायची. तान्ह्या पोराची झोळी तिचीच. रमजानात पोरं ती डोक्याला गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून निंजा होतात. १७ ऑगस्टला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनी, गल्लीगल्लीत पुरुष सारुंग नेसून फुटबॉल खेळतात आणि सगळं कुटुंब हसून लोळतं.

उंबरठा

मी दोन वर्षं यांगूनला होते, नवऱ्याची बदली होती. या धाग्यावर अजून न आलेली एक गोष्ट लिहायलाच हवी.

पुरुष आणि बाई दोघेही तीच नळी नेसतात म्हणून लांबून सगळं समान दिसतं. तसं नाहीये. पुरुषाच्या अंगी 'फों' असतं, एक प्रकारचं तेज किंवा पुण्याई, आणि बाईच्या थमेइनखालून तो गेला तर ते जातं, असा समज आहे. म्हणून थमेइन वाळत घालायची ती खालच्या दोरीवर किंवा मागल्या बाजूला. पुरुषांच्या पसोबरोबर एका बादलीत भिजवायचीसुद्धा नाही. आमच्या शेजारच्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात हळूच सांगितलं, माझे कपडे गच्चीवर पुढे होते म्हणून. मला कोकणातल्या आमच्या घरातली न्हाणीमागची दोरी आठवली. काही शिकवावं लागलं नाही, सगळं कळलं.

आणि म्हणूनच २०२१ च्या मार्चमधली गोष्ट माझ्या मनातून जात नाही. फेब्रुवारीत लष्कराने सत्ता घेतली, लोक रस्त्यावर आले. तेव्हा बायकांनी रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधून त्यावर आपल्या थमेइन टांगल्या. सैनिक त्याखालून जायला कचरत होते. दोऱ्या काढल्याशिवाय पुढे जात नव्हते, आणि तेवढ्या वेळात आंदोलक पांगू शकत होते. ८ मार्चला, महिला दिनी, थमेइनचे झेंडे करून बायका निघाल्या. काही तरुण मुलगेही डोक्याला थमेइन गुंडाळून त्यांच्यात होते. ज्या कापडाखालून जायचं नाही ते मुलाने आपण होऊन डोक्यावर घेतलं. तेव्हा आम्ही पुण्यात परत आलो होतो, फोनवर फोटो बघत होते आणि शेजारच्या बाईंना फोन लागत नव्हता.

पुरुषांनी सारुंग नेसावी, जरूर नेसावी. पण त्या कापडाची ही बाजूही बरोबर घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

इरावतीकाठ

@उंबरठा ताई, हे तुम्हीच लिहू शकत होतात. मी चार वर्षं तिथे राहून दोरीचा भेद पाहिला होता, पण कधी विचारला नाही. आमच्या घरमालकीणबाई माझे कपडे काढून ठेवताना माझ्या पसो सगळ्यात वर ठेवायच्या, ते मी नीटनेटकेपणा समजत होतो.

शेजारच्या बाईंचा फोन लागला का पुढे?

उंबरठा

लागला, जूनमध्ये. बऱ्या आहेत.

मलाकाबंदर

क्वालालंपूरहून. इकडचं सांगते.

मलय पुरुष शुक्रवारी बाजू मलायू घालतात, म्हणजे सैल सदरा आणि पँट, आणि त्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत 'सांपिन' गुंडाळतात. ऑफिसात, बँकेत सगळीकडे चालतं, उलट शुक्रवारी तेच शोभून दिसतं. जरीच्या विणीचं सोंगकेत असेल तर बघतच राहावं. पेलिकात मात्र घरची. म्हणजे तुमच्या पुण्याच्या काकांसारखे काका इकडेही आहेत.

पण गेल्या काही वर्षांत 'करेतापी सारोंग' नावाचा प्रकार सुरू झालाय. करेतापी म्हणजे रेल्वे. १६ सप्टेंबरच्या मलेशिया दिनाच्या आसपास ठरलेल्या दिवशी तरुण मंडळी सारोंग नेसून शहराच्या गाड्यांतून एकत्र प्रवास करतात. मी आणि माझा मुलगा गेलो होतो. मलय, चिनी, तमिळ, सारवाकहून आलेली मुलं, सगळे. कुणी बुटांवर, कुणी टी-शर्टवर, कुणी आजीची बाटिक. माझा मुलगा सतराचा आहे. एरवी आपल्याकडच्या कार्यात कुर्ता घालायला दहा वेळा सांगावं लागतं. पेलिकात नेसून तो घरातून माझ्या आधी बाहेर पडला. बरोबरीचे सगळे नेसतायत म्हटल्यावर त्याला ते नेसणं आपलं वाटलं असणार.

चाफेकळी

थायलंडबद्दल थोडंसं. तिथे जुन्या काळी पुरुष आणि बायका दोघेही 'चोंग क्राबेन' नेसत. लांब कापड गुंडाळून, टोकाचा पीळ करून, दोन पायांतून मागे खोचायचं. चित्रं बघा, थेट आपला कासोटा. मग फिबुनसोंग्क्राम पंतप्रधान असताना १९३९ ते १९४२ मध्ये बारा सांस्कृतिक फर्मानं निघाली आणि १९४१ चं दहावं फर्मान पोशाखाबद्दल होतं. बायकांनी स्कर्ट आणि टोपी घालावी असा आग्रह धरला गेला. देश सुधारलेला दिसावा म्हणून! चौकड्याचा 'फा खाव मा' मात्र शेतात राहिला, कारण शेतकऱ्याला अंघोळीला, डोक्याला आणि झोपाळ्याला तो लागतोच.

इरावतीकाठ

@चाफेकळी, हेच इंडोनेशियात दुसऱ्या वाटेने झालं. डच राजवटीत गोऱ्यांनी गोऱ्यांसारखं आणि जावानीजांनी जावानीजांसारखं दिसावं अशी व्यवस्था होती. त्यामुळे स्वातंत्र्य मागणाऱ्या अनेकांना पँट ही बरोबरीची खूण वाटली. सुकार्णोंनी तर आत्मकथनात सांगून ठेवलंय की सारुंग हे सरंजामशाहीचं प्रतीक आहे, ती नेसली की आपला माणूस वाकतो आणि पँट घातली की ताठ उभा राहतो. दुसरीकडे पेसांत्रेन, म्हणजे गावोगावच्या धार्मिक पाठशाळा, त्यांनी नेमकं उलट ठरवलं : पँट-टाय राज्यकर्त्यांचं, आपली सारुंग. आजही नहदलातुल उलामा या मोठ्या मुस्लीम संघटनेच्या मंडळींना 'काउम सारुंगान', सारुंगवाले, म्हणतात. २०१९ ते २०२४ उपराष्ट्राध्यक्ष असलेले मारुफ अमीन त्याच परंपरेतले. वर कोट, डोक्यावर काळी पेची आणि खाली सारुंग अशा वेशात ते सरकारी कामकाजात दिसत. मला सुकार्णोंचा राग समजतो. अपमानाच्या काळात अंगावर जे असतं ते नकोसं होतंच. पण ऊले मला कधी वाकलेले दिसले नाहीत.

योग्याकार्तात एक सुंदर गोष्ट आहे. जावानीज पंचांगात आपल्यासारखा सात दिवसांचा आठवडा आहे आणि शिवाय पाच दिवसांचं एक चक्र आहे. गुरुवार आणि त्या चक्रातला 'पाहिंग' हा दिवस दर ३५ दिवसांनी एकत्र येतो. त्या दिवशी तिथले सरकारी कर्मचारी पारंपरिक पोशाखात कामावर येतात. न शिवलेलं बाटिकचं 'जारिक', पुढे बारीक निऱ्या घातलेलं. त्या निऱ्यांना 'विरू' म्हणतात. मी अशा एका गुरुवारी एका कार्यालयात गेलो होतो. खिडकीपलीकडचा कारकून तसाच बसून शिक्के मारत होता.

आणि जकार्तात २०२०-२१ पासून तरुणांत 'बरकाइन' वाढलंय. घरातली बाटिक काढायची, पट्ट्याने आवळायची, खाली बूट, आणि निघायचं. मुलगेही. ब्लॉक एमच्या मेट्रो स्टेशनात आता एखादा मुलगा असा दिसला तर कुणी वळून बघत नाही. मी मात्र दर वेळी बघतो, आनंदाने.

बोरीबंदर

मंडळी, वृत्तांत. गेल्या रविवारी मस्जिद बंदरला गेलो आणि एक शिवलेली चौकड्याची घेतली. दुकानदाराने मीटर न मोजता हाताच्या वीतेने उंची दाखवली, म्हणाला एवढी पुरेल तुम्हाला. घरी श्वास सोडून बांधली. सकाळी दहा ते रात्री नऊ, मधे बाजार, गिरणीतून दळण, आणि शेजारच्या आजारी आजोबांना भेटून आलो. गाठ चार वेळा सैल झाली. तिसऱ्या वेळी रस्त्यात बांधली. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मग कापडाकडे, आणि हात लावून म्हणाले, "सूत चांगलं आहे." बाकी काहीच बोलले नाहीत.

एक अडचण आहे. बसून उठलं की घेर उजवीकडे सरकतो आणि गाठ तिरकी होते. काय चुकतंय?

इरावतीकाठ

@बोरीबंदर, वा! चूक एकच असणार. तुम्ही आधी एक बाजू आवळून मग दुसरी आणता. दोन्ही हात एकाच वेळी बाजूंना ओढा, कापड पाठीला घट्ट बसलं पाहिजे, मग दोन्ही एकदम पुढे. आणि शिवण मागे, कण्याच्या जरा डावीकडे ठेवून बघा. माझी तिथे ठेवल्यापासून सरकत नाही. नवीन कापडाला खळ असते, दोन धुण्यांनंतर गाठ नीट धरेल.

रत्नांग्रीकर

आजोबांची शिंगापुरी सापडली. आईने ट्रंकेत बाकीच्या जुन्या कपड्यांखाली ठेवली होती. @सूतगुंडी काका, उजेडात धरून शिवण शोधली, सापडायला वेळ लागला. फोटो संध्याकाळी टाकतो.